नवा शिक्षक कोणाच्या गावाला?

शिक्षकांची भरती हा विषय वसंतातल्या सायंकाळी चार लोकांनी बसून ऐकावा असा आहे काय, अशी शंका आमच्या एका स्नेह्यांनी काढली. शंका रास्त होती. भरती म्हटली की जाहिरात, अर्ज, परीक्षा, गुणवत्ता यादी, न्यायालयातील दावा आणि शेवटी उपोषण, एवढेच चित्र डोळ्यांसमोर येते. जो स्वतः उमेदवार आहे किंवा ज्याच्या घरी उमेदवार आहे, तोच त्या बातम्या वाचतो. बाकीचे पान उलटतात. तथापि आमचे म्हणणे असे की, हा प्रश्न उमेदवारांचा जितका आहे त्याहून अधिक तो मुलांचा आहे. आणि त्यातही ज्यांच्या आईबापांना शाळा निवडण्याची सोय नाही, अशा मुलांचा आहे. सुखवस्तू घरातील मुलाला शाळेत चांगला शिक्षक मिळाला नाही तर शिकवणी आहे, शिकलेली आई आहे, घरात पुस्तके आहेत. ऊसतोड मजुराच्या, कातकऱ्याच्या किंवा शहरातील झोपडपट्टीत राहणाऱ्या हमालाच्या मुलाला शाळेतले गुरुजी किंवा बाई हाच काय तो आधार. तो मिळाला तर शिक्षण मिळाले. तो न मिळाला तर इमारत, गणवेश, पुस्तके आणि दुपारची खिचडी एवढेच मिळाले, असे म्हणावे लागते.

तेव्हा प्रश्न तीन आहेत. नवे शिक्षक कोठून मिळवावेत? त्यांना कोठे पाठवावे? आणि गेलेल्या ठिकाणी ते टिकावेत यासाठी काय करावे? यांपैकी पहिल्या प्रश्नाचा आपण पुष्कळ ऊहापोह करतो, दुसऱ्याचा थोडा करतो, आणि तिसऱ्याचा जवळजवळ करतच नाही. आमचे सारे विवेचन त्या तिसऱ्या प्रश्नाकडे जाणार आहे, हे आरंभीच सांगून ठेवतो.

फुल्यांनी मांडलेला प्रश्न

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. त्यानंतर सातच वर्षांनी, १८८२ साली, हंटर यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगापुढे त्याच पुण्यातील जोतीराव फुले यांनी आपले निवेदन सादर केले. सरकारी तिजोरीत भर पडते ती रयतेच्या घामाने, आणि तिचा शिक्षणावरील खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे जातो, ही त्यांची मुख्य तक्रार होती. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, ही मागणीही त्यांनी केली. हे दोन मुद्दे आता सर्वांस ठाऊक आहेत. पण त्याच निवेदनात त्यांनी शिक्षकाविषयी जे लिहिले त्याकडे फारसे कोणी वळत नाही.

फुल्यांना दिसले ते असे : खेडेगावच्या शाळेतला पंतोजी हा बहुधा एका विशिष्ट जातीतून येई. शेतकऱ्याच्या पोरांत तो मिसळत नसे, आणि त्यांच्या गरजा त्याला उमजत नसत. म्हणून त्यांनी सुचविले की, प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्यतो शेती करणाऱ्या वर्गांतून घ्यावेत. प्रसंगी नांगराच्या रुमण्याला किंवा सुताराच्या वाकसाला हात लावण्याची त्यांना लाज वाटू नये. पण एवढ्यावर ते थांबले नाहीत. असा शिक्षक रीतसर शिकवून तयार केलेला असावा, आणि त्याचा पगार बारा रुपयांच्या खाली नसावा, मोठ्या गावी तो पंधरा ते वीस असावा, हेही त्यांनी स्पष्ट मांडले.

या मागणीचे तीन भाग नीट लक्षात ठेवावेत. शिक्षक आपल्यातला असावा, तो शिकून तयार झालेला असावा, आणि त्याला पोटभर पगार असावा. या तिन्ही गोष्टी फुल्यांनी एकत्र मागितल्या होत्या. पुढच्या काळात आपण जे काही केले त्याचा हिशेब मांडला, तर बहुतेक वेळा यांपैकी एक गोष्ट दिली आणि दोन राखून ठेवल्या, असे दिसून येते.

तिन्ही गोष्टी एकत्र साधण्याचा मोठा प्रयत्न पुढे साताऱ्यास झाला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली हे सर्वश्रुत आहे. वसतिगृहांत बहुजनांची मुले आली आणि शिकू लागली. पण ही मुले शिकून शहराकडेच जाणार असतील, तर खेड्याला त्याचा काय लाभ? कर्मवीरांनी १९३५ साली साताऱ्यास ग्रामीण शिक्षकांसाठी अध्यापक विद्यालय काढले. तेच पुढे महात्मा फुले अध्यापक विद्यालय या नावाने ओळखले जाऊ लागले. तीसच्या दशकाच्या अखेरीपासून, जेथे शाळाच नव्हती अशा खेड्यापाड्यांतून संस्थेने प्राथमिक शाळा उघडल्या. त्यांची संख्या पाचशेंच्या वर गेली, आणि स्वातंत्र्यानंतर त्या जिल्हा स्कूल बोर्डाकडे सोपविण्यात आल्या. या शाळांना मास्तर कोठून मिळाले? ज्या खेड्यांतून मुले वसतिगृहात आली होती, त्याच खेड्यांतून. म्हणजे शाळा काढण्याच्या आधी शिक्षक तयार करण्याची सोय झाली होती, आणि शिक्षक तयार करण्याच्या आधी गरीब मुलांच्या राहण्याजेवण्याची. हा क्रम आपण आज विसरलो आहो.

आजची वाट

आज महाराष्ट्रात एखाद्या तरुणाला किंवा तरुणीला प्राथमिक शिक्षक व्हावयाचे असेल तर काय करावे लागते, ते थोडक्यात सांगतो. प्रथम शिक्षणशास्त्राची पदविका. त्यानंतर शिक्षक पात्रता परीक्षा, जिला सारे जण टी.ई.टी. म्हणतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानंतर ही परीक्षा देशभर आली आणि महाराष्ट्रात ती २०१३ साली प्रथम झाली. ही झाली पात्रता. त्यापुढे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, जी २०१७ पासून घेतली जाऊ लागली. तिच्या गुणांवर ‘पवित्र’ नावाच्या संगणकीय प्रणालीतून उमेदवाराने आपले पसंतीक्रम भरावयाचे आणि निवड यादीची वाट पाहावयाची.

या व्यवस्थेला नावे ठेवणे सोपे आहे. पण तिच्यामागील हेतू चांगला होता, हे मान्य केले पाहिजे. तिच्यापूर्वी पुष्कळ खाजगी संस्थांतून शिक्षकाच्या जागेला भाव असे, आणि गरिबाच्या हुशार मुलाला तो परवडत नसे. गुणांनी जागा मिळावी, ओळखीने किंवा पैशाने मिळू नये, हे तत्त्व समतेचेच आहे. परीक्षेलाही कीड लागू शकते, हे २०२१ साली उघडकीस आलेल्या गैरप्रकाराने दाखविले. सात हजारांहून अधिक उमेदवारांवर त्यापायी कारवाई झाली. तथापि कीड लागली म्हणून कोणी शेती सोडीत नाही. परीक्षा असावी, ती स्वच्छ असावी, याबद्दल आमचे दुमत नाही.

पण परीक्षा एकाच प्रश्नाचे उत्तर देते : कोण? ‘कोठे?’ या प्रश्नाचे उत्तर ती देत नाही. ते उत्तर पसंतीक्रम, रिक्त जागा आणि बदल्या यांतून आपोआप ठरते. आणि आपोआप ठरते तेव्हा ते गरिबांच्या विरुद्ध ठरते. कसे ते पाहा.

समजा, एका तालुक्यात दोन शाळा आहेत. एक बाजारपेठेच्या गावी, डांबरी रस्त्यावर. दुसरी डोंगरावरच्या वाडीत. दोन्हींची पदे भरलेली आहेत. बाजारपेठेच्या शाळेतील एक शिक्षक निवृत्त झाला. त्या जागेवर कोण येणार? नवा उमेदवार नव्हे. वाडीवर काही वर्षे काढलेला शिक्षक बदलीचा अर्ज करील आणि खाली उतरेल. रिकामी राहील ती वाडीवरची जागा, आणि नवा उमेदवार जाईल तो तेथे. म्हणजे निवृत्ती कोठेही होवो, पोकळी मात्र सरकत सरकत डोंगरावर जाते. सर्वांत अनुभवी शिक्षक सर्वांत सोयीच्या शाळेत, आणि सर्वांत नवखा शिक्षक सर्वांत कठीण शाळेत, ही वाटणी कोणीही दुष्टाव्याने केलेली नसते. ती व्यवस्थेच्या उतारावरून वाहत आलेली असते. आणि नवा शिक्षक यावयास दोनतीन वर्षे लागली, तर तेवढी वर्षे पोकळी तेथेच राहते.

जिल्हा परिषदांच्या बदल्यांसाठी राज्य सरकारने २०१७ साली नवे धोरण आणले आणि गावांची विभागणी ‘अवघड क्षेत्र’ व ‘सर्वसाधारण क्षेत्र’ अशी केली. अवघड क्षेत्रात सलग तीन वर्षे काढलेल्या शिक्षकाला बदली मागण्याचा अधिकार मिळाला. शिक्षकाच्या बाजूने पाहिले तर यात न्याय होता. पूर्वी वशिल्याचा मनुष्य कधीच डोंगर चढत नसे आणि बिनवशिल्याचा कधीच उतरत नसे, ते थांबले. पण मुलाच्या बाजूने पाहिले तर काय दिसते? त्याचे गाव म्हणजे तीन वर्षे भोगून संपवावयाची पाळी झाली.

शिक्षणहक्क कायद्याचे एक कलम येथे आठवते. कोणत्याही शाळेतील रिक्त पदे मंजूर पदांच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नयेत, असे तो कायदा सांगतो. राज्याची किंवा जिल्ह्याची सरासरी कायदा विचारीत नाही. तो प्रत्येक शाळेविषयी बोलतो. त्याच कायद्यानुसार पहिली ते पाचवीपर्यंत साठ मुलांपर्यंतच्या शाळेला दोन शिक्षक हवेत. आता दोन शिक्षकांच्या शाळेतील एक जागा रिकामी राहिली, तर ती शेकडा पन्नास झाली. मागे राहिलेल्या गुरुजींनी चार इयत्ता एकत्र बसवावयाच्या, खिचडीचा हिशेब ठेवावयाचा, आणि तालुक्याला बैठक असेल त्या दिवशी शाळेला कुलूप लावावयाचे. जिल्ह्याच्या कागदावर मात्र शिक्षकांचे प्रमाण ठीक दिसते. सरासरीच्या पोटात गरिबाची शाळा अशी नाहीशी होते.

‘गुरुजी, तुम्ही कवा जाणार?’

काही वर्षांपूर्वी घाटमाथ्यावरील एका वाडीची शाळा पाहण्याचा योग आम्हांस आला. दोन खोल्या, चार इयत्ता, आणि नुकतेच रुजू झालेले एक तरुण गुरुजी. मुलांपेक्षा तेच अधिक संकोचलेले दिसत होते. त्यांनी आम्हांस आपला अनुभव सांगितला. पहिल्या आठवड्यात तिसरीतल्या एका मुलीने त्यांना विचारले, “गुरुजी, तुम्ही कवा जाणार?” गुरुजींना वाटले, आज घरी कधी जाणार असे तिला विचारावयाचे असेल. ते म्हणाले, “पाच वाजता.” मुलगी म्हणाली, “तसं नव्हं. कायमचं कवा जाणार?”

त्या मुलीच्या प्रश्नात उद्धटपणा नव्हता. पहिलीपासून तिने जे पाहिले त्याचा तो सरळ हिशेब होता. शिक्षक येतो तो जाण्यासाठीच, हे तिला कळून चुकले होते. ज्या मुलाला हे आठव्या वर्षी कळते, ते मूल शिक्षकाला आपले अक्षर दाखविताना, चुकलेले गणित पुढे करताना, हात आखडता घेते. त्याची पाटी उघडी होत नाही.

शिक्षक गेल्याने मुलांचे नुकसान होते, हा केवळ भावनेचा भाग नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरातील चौथी-पाचवीच्या वर्गांचा अनेक वर्षांचा अभ्यास करून तीन संशोधकांनी २०१३ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. जेथे शिक्षक वारंवार सोडून जातात तेथे मुलांची भाषेतील आणि गणितातील प्रगती घटते, असे त्यांना आढळले. ही घट सर्वांत अधिक दिसली ती अभ्यासात मागे असलेल्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांत. आणखी एक गोष्ट विशेष आहे. जे शिक्षक सोडून न जाता टिकून राहिले, त्यांच्या वर्गातील मुलांनाही ही झळ लागली. कारण शाळा म्हणजे सुटे सुटे वर्ग नव्हेत. कोणते मूल कोठे अडते, कोणाच्या घरी काय चालले आहे, कोणती आई बोलावल्याशिवाय येत नाही, हे सारे शिक्षकांच्या आपसातील बोलण्यात साठलेले असते. शिक्षक गेला की ते ज्ञानही त्याच्याबरोबर गावाबाहेर जाते.

दोन वर्षांचे शिक्षक

अमेरिकेचा उल्लेख आला, तर तेथील एका प्रयोगाचा विचारही येथेच करू, कारण त्याची एक फांदी आपल्याकडे पोचली आहे. वेंडी कॉप या तरुणीने प्रिन्स्टन विद्यापीठात पदवीसाठी लिहिलेल्या प्रबंधात १९८९ साली एक कल्पना मांडली. नामांकित विद्यापीठांचे हुशार पदवीधर दोन वर्षांसाठी गरीब वस्तीतील शाळांत शिक्षक म्हणून पाठवावेत, अशी ती कल्पना होती. तिच्यातून ‘टीच फॉर अमेरिका’ ही संस्था निघाली आणि १९९० साली सुमारे पाचशे जणांची पहिली तुकडी वर्गांत उभी राहिली. त्याच धर्तीवर २००९ साली ‘टीच फॉर इंडिया’चे पहिले शिक्षक पुणे व मुंबई येथील शाळांत दाखल झाले.

या प्रयोगाकडे तुच्छतेने पाहणे आम्हांस योग्य वाटत नाही. ज्या तरुणांना कोठेही भरपूर पगाराची नोकरी मिळाली असती, ते झोपडपट्टीतल्या चाळीस मुलांसमोर उभे राहतात, ही लहान गोष्ट नव्हे. परिणामांविषयी म्हणाल, तर अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका काळजीपूर्वक केलेल्या तुलनेत असे आढळले की, त्याच शाळांतील इतर शिक्षकांच्या मुलांपेक्षा या तरुणांची मुले गणितात थोडी पुढे गेली. वाचनात फरक पडला नाही. म्हणजे हुशारी आणि तळमळ यांचा उपयोग होतो, यात शंका नाही. शिवाय त्या दोन वर्षांत गरिबी जवळून पाहिलेला तरुण पुढे कोणत्याही क्षेत्रात गेला तरी ते विसरत नाही, असे या संस्थांचे म्हणणे असते, आणि त्यात तथ्य आहे.

परंतु दोन वर्षे संपली की काय? तरुणाच्या आयुष्यात ती दोन वर्षे अमूल्य ठरतात. वस्तीच्या आयुष्यात मात्र आणखी एक ताई किंवा दादा आला आणि गेला. पाहुण्याने कितीही चांगला स्वयंपाक केला तरी घरची चूल रोज पेटवावी लागते. अशा योजना पूरक म्हणून चांगल्या. मुख्य आधार म्हणून पुरेशा नाहीत.

घरचा शिक्षक, पण अर्ध्या पगाराचा

तर मग घरच्या माणसाकडे वळू. महाराष्ट्राने २००० च्या सुमारास वस्तीशाळांची योजना आणली. ज्या वाड्यावस्त्यांपासून शाळा लांब होती, तेथे स्थानिक शिकलेल्या तरुणाला निमशिक्षक म्हणून नेमून वर्ग सुरू करण्यात आले. कोठे झाडाखाली, कोठे समाजमंदिरात, कोठे कोणाच्या पडवीत. धनगरांच्या, ठाकरांच्या आणि शेतमजुरांच्या कित्येक मुलांना पहिले अक्षर या निमशिक्षकांनी दाखविले. तो वाडीतलाच असल्याने त्याला भाड्याची खोली नको होती आणि बदलीही नको होती. कोणाचे पोर शाळेत आले नाही तर तो त्याच्या घरी जाऊन त्याला घेऊन येई. पण मानधन इतके तुटपुंजे की, सकाळी शाळा करून दुपारी त्याला दुसऱ्याच्या शेतावर जावे लागे. वर्षानुवर्षे झगडल्यावर २०१४ साली त्यांना नियमित शिक्षकांत सामावून घेण्यात आले.

त्याच २००० साली शिक्षणसेवक योजना आली. नव्याने लागलेल्या शिक्षकाने पहिली तीन वर्षे ठराविक मानधनावर काम करावयाचे आणि मग पगारावर यावयाचे. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला महिना ३,००० रुपये मिळत; पुढे ते ६,००० झाले आणि २०२३ पासून १६,००० करण्यात आले. म्हणजे ज्या तीन वर्षांत नवा शिक्षक सर्वांत अवघड गावी जातो, त्याच तीन वर्षांत त्याला सर्वांत कमी मोबदला. घरी म्हातारे आईबाप, गावी भाड्याची खोली, आणि एस.टी. चुकली तर दुचाकीचे पेट्रोल. अशा माणसाचे लक्ष वाडीवर रमण्याकडे लागेल की तीन वर्षे कधी संपतात याकडे, हे सांगावयास नको.

येथे आम्हांस एका आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे. काही अर्थशास्त्रज्ञ म्हणतात की, पगार वाढविल्याने शिकवणे सुधारते याला पुरावा नाही. आंध्र प्रदेशातील ग्रामीण शाळांत झालेल्या एका मोठ्या प्रयोगाचा ते दाखला देतात. तेथे काही शाळांना चिठ्ठ्या टाकून निवडावे तसे निवडले आणि प्रत्येकीला एक जादा कंत्राटी शिक्षक दिला. त्याचा पगार नियमित शिक्षकाच्या एका लहानशा हिश्श्याएवढा होता. तरीही मुलांची प्रगती वाढली, आणि हा शिक्षक नियमित शिक्षकापेक्षा कोठेही उणा पडला नाही. हा दाखला खरा आहे, आणि तो झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पण तो पुरा वाचावा. हे कंत्राटी शिक्षक बहुधा त्याच गावचे होते, आणि ते नियमित शिक्षकांपेक्षा कमी वेळा गैरहजर राहत. तेव्हा यश कशाचे? थोड्या पगाराचे की गावात राहण्याचे? आमच्या मते दुसऱ्याचे. थोड्या पगारातही घरचा माणूस टिकला, यावरून निष्कर्ष काढावयाचा तो घरच्या माणसाच्या बाजूने. थोड्या पगाराच्या बाजूने नव्हे. फुल्यांनी दोन्ही गोष्टी एकत्र मागितल्या होत्या, त्या याचसाठी.

आदिवासी भागांत घरच्या शिक्षकाला आणखी एक अर्थ आहे, तो भाषेचा. मेळघाटातील कोरकू मूल, गडचिरोलीतील गोंड किंवा माडिया मूल, सातपुड्यातील भिल्ल किंवा पावरा मूल पहिलीत येते तेव्हा मराठी ही त्याला परकी भाषा असते. ‘पाटी काढ’ हे वाक्यही त्याला कळत नाही, आणि न कळल्याने ते गप्प बसले तर ‘मंद’ असा शिक्का त्याच्यावर बसतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी जे काम केले, त्यातून हाच धडा मिळाला होता की, मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे. अगदी गुरे चारावयास गेलेल्या मुलांकडे कुरणातही जावे.

महाराष्ट्रात २०१४ साली राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातील काही पदे स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी राखण्यात आली. त्यांत शिक्षकाचेही पद होते. परंतु २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशच्या एका प्रकरणात असा निर्णय दिला की, अनुसूचित क्षेत्रातील शिक्षकांच्या शंभर टक्के जागा स्थानिक जमातींनाच देणे घटनेत बसत नाही. या निर्णयानंतर महाराष्ट्रातील अशा पदांची भरतीही वादात सापडली. न्यायालयाचा मुद्दा समतेचाच होता : इतरांना संधी पूर्ण नाकारता येणार नाही. मान्य. पण आरक्षणाने जे साधावयाचे होते त्याचा बराच भाग दुसऱ्या मार्गाने साधता येईल. गोंडी येणे, कोरकू येणे, हीच त्या शाळेतील शिक्षकाची पात्रता ठरविता येणार नाही काय? ज्या शाळेत सारी मुले कोरकू बोलतात, तेथे कोरकू न येणारा शिक्षक कितीही गुण मिळवून आलेला असला, तरी त्या जागेपुरता तो अपुराच म्हटला पाहिजे.

काय करता येईल

एवढ्या विवेचनानंतर उपाय फार लांबलचक सांगण्याची गरज नाही. आम्हांस चार गोष्टी सुचतात.

पहिली गोष्ट, भरतीची सुरुवात जाहिरातीपासून न करता वसतिगृहापासून करावी. ज्या वाड्यावस्त्यांना शिक्षक मिळत नाही, तेथील दहावी-बारावी झालेल्या हुशार मुलामुलींना हेरावे, पदविकेचा आणि राहण्याजेवण्याचा सारा खर्च करावा, आणि परीक्षेची तयारी करून घ्यावी. परीक्षा सर्वांना एकच असू द्या. पण तिच्या दारापर्यंत पोचण्याची वाट सर्वांना सारखी नाही, ती सारखी करावी. कर्मवीरांनी हेच केले.

दुसरी गोष्ट, जागा भरताना शाळा मोजावी, सरासरी नव्हे. दोन शिक्षकांच्या शाळेतील रिकामी जागा सर्वांत आधी भरावी, आणि बदली होऊन जाणाऱ्या शिक्षकाला, त्याच्या जागी दुसरा रुजू होईपर्यंत कार्यमुक्त करू नये.

तिसरी गोष्ट, अवघड गाव ही भोगून संपवावयाची पाळी न राहता मानाची जागा झाली पाहिजे. पहिल्या दिवसापासून पूर्ण पगार, शाळेजवळ राहण्यासारखी खोली, आणि तीन वर्षांनंतरही जो स्वखुशीने राहील त्याला दरवर्षी चढता भत्ता. आज आपण जाण्याचा अधिकार देतो. राहण्याचे बक्षीस देत नाही.

चौथी गोष्ट, नव्या शिक्षकाला एकटे टाकू नये. पहिली दोन वर्षे केंद्रातील एखाद्या मुरलेल्या गुरुजींनी किंवा बाईंनी महिन्यातून काही दिवस त्याच्या वर्गात बसावे. तपासणीसाठी नव्हे, सोबतीसाठी. चार इयत्ता एका खोलीत कशा शिकवाव्या, हे पदविकेच्या पुस्तकात पुरते कळत नाही; ते शेजारी बसून शिकावे लागते.

या चार गोष्टींना पैसा लागेल, हे खरे. पण शिक्षक दर तीन वर्षांनी बदलण्यालाही पैसा लागतोच. फक्त तो मुलांच्या खिशातून जातो, म्हणून अंदाजपत्रकात दिसत नाही.

आपला वाटा

शेवटी एक गोष्ट आपणां सर्वांविषयी. सरकारने काय करावे हे सांगणे सोपे असते. पण आपल्या घरातील हुशार मुलीने ‘मला प्राथमिक शाळेत शिक्षिका व्हायचे आहे’ असे म्हटले, तर आपण काय म्हणतो? ‘एवढे गुण पडले आणि मास्तरीण होणार?’ हेच ना? आणि तिची पहिली नेमणूक डोंगरावर झाली की आपणच ओळखीच्या माणसाला फोन करतो. शिक्षकाचा मान आपण शिक्षकदिनाच्या हारात ठेवला आहे. तो मुलीच्या निवडीत आणि सुनेच्या नोकरीत आला पाहिजे. ज्या गावी शिक्षक जातो त्या गावाचाही वाटा आहे. नव्या बाईंना राहावयास सुरक्षित घर देणे, सणाला जेवावयास बोलावणे, त्यांच्या सुट्टीच्या अर्जाकडे संशयाने न पाहणे, यांना खर्च काहीच येत नाही. आणि माणूस टिकतो तो पुष्कळदा अशाच गोष्टींनी.

घाटमाथ्यावरच्या त्या गुरुजींना आम्ही निघताना विचारले, “मग त्या मुलीला तुम्ही काय उत्तर दिले?” ते म्हणाले, “तुझी चौथी झाल्याशिवाय जात नाही, असं म्हणालो. बोलून तर बसलो. आता राहायला पाहिजे.” त्यांनी दिलेला शब्द त्यांच्या एकट्याच्या जोरावर पुरा व्हावा, अशी अपेक्षा ठेवण्याचा आपणांस अधिकार नाही. त्यांना पगार, खोली, सोबत आणि मान देणे हे आपल्या सर्वांचे काम आहे. नवे शिक्षक नेमण्याच्या यादीवर सही झाली म्हणजे हे काम संपत नाही. खरे म्हणजे त्या दिवशी ते सुरू होते.